यादीत माझं नाव होतं

"ही नेपाळची हाय. हिला मत द्यायचा हक न्हाई."

माझ्या चुलत दिरानं भर मतदान केंद्रात माझ्याकडं बोट करून सांगितलं. ग्रामपंचायतीची निवडणूक. तो स्वतःच उभा होता. मी दीड तास रांगेत थांबून नुकतीच टेबलापाशी पोचले होते. हातात मतदार ओळखपत्र. यादीत माझं नाव, माझा फोटो, नवऱ्याचं नाव. सगळं बरोबर.

केंद्राध्यक्ष शहरातून आलेले मास्तर होते. त्यांनी ओळखपत्र पाहिलं. मग माझा चेहरा पाहिला. बारीक डोळे, चपटं नाक. तिथंच थांबले.

"जन्म कुठला?"

"नेपाळचा. पण मी आता भारताची नागरिक हाय. दाखला हाय माज्याकडं."

"आणलाय?"

नव्हता आणला. रांगेतल्या कुणीच आणला नव्हता. कुणाला विचारलाही नव्हता.

"मग बाजूला थांबा. मी वर विचारतो."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझी मुलगी शाळेच्या याच खोलीत पाढे शिकली. मागून आलेले पुढं सरकत होते, बोटाला शाई लावून घेत होते. ज्यांच्या लग्नांत मी चुलीपुढं राबले, त्या बाया माझी नजर चुकवून गेल्या. कुणीतरी हसून म्हणालं, "मोमोवाली अडकली." मी आयुष्यात मोमो विकले नाहीत. लवळ्याला कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. बावीस वर्षं.

दीर जवळ आला. आवाज एकदम गोड. "वहिनी, तुमी घरी जावा. सैपाकाचं बघा. मतांचं आमी बघतो."

नवरा फाटकाबाहेर उभा होता. टेम्पो चालवतो. माणूस वाईट नाही, पण भावकीला भितो. "चल घरी," म्हणाला. "एका मतानं काय व्हतंय?"

मी गेले. हे सांगायची आजही लाज वाटते. खाली मान घालून गेले.

घरी आले आणि डोकं भणभणायला लागलं. याच माणसानं मागच्या दोन निवडणुकांना मला स्वतःच्या गाडीत बसवून मतदानाला नेलं होतं. "आपलं घरचं मत" म्हणायचा. तेव्हा मी नेपाळची नव्हते. मग मधे काय झालं? ग्रामसभेत मी उठून एकच गोष्ट विचारली. याच्या भाड्याच्या खोल्यांना दिवसभर पाणी, आणि आमच्या आळीत दिवसाआड अर्धा तास. का? बस्स. तेवढ्यानं मी परकी झाले. म्हणजे मत त्याचं होतं तोवर मी इथली. माझं झालं की मी तिथली.

लग्नानंतर सात वर्षं थांबले तेव्हा कुठं नागरिकत्वाचा अर्ज करता आला. पुण्याला कलेक्टर कचेरीत खेपा घातल्या. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले. शेवटी साहेबासमोर उभी राहून शपथ घेतली, या देशाच्या राज्यघटनेशी प्रामाणिक राहीन. शब्द एकही चुकला नाही. दिराला नागरिक होण्यासाठी काय करावं लागलं? नुसतं जन्मावं लागलं.

कपाटातून दाखला काढला. नवऱ्याला न सांगता परत निघाले. मतदान संपायला अर्धा तास राहिला होता.

मास्तर मला बघून वैतागले. "अहो ताई, उगाच वाद नको."

"यादीत माजं नाव हाय का न्हाई?"

"आहे."

"मग मत घ्या. न्हाईतर लिहून द्या. हिचं नाव यादीत असून हिला मी मत देऊ दिलं न्हाई, असं लिहा. खाली सही करा."

दीर काही बोलणार, तेवढ्यात मास्तरांनी हातानं त्याला थांबवलं. दाखला मी पुढं धरला होता. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. "शाई लावा," एवढंच म्हणाले.

मी मत दिलं.

शाळेच्या फाटकाबाहेर दिरानं गाठलं. आता मी त्याची वहिनी नव्हते. "हितं ऱ्हायाचं तर आमच्या रीतीनं ऱ्हा. न्हाईतर जा तुज्या डोंगरात." दाखला हिसकावला, दोन तुकडे केले, मला ढकललं. खडीवर पडून कोपर फुटलं. पन्नास माणसं बघत होती.

तशीच चौकीत गेले. हवालदार म्हणाला, "घरातलं भांडान हाय. घरात मिटवा. तुमचं तसं हितलं हाय तरी काय? उगा तुमच्यावरच उलटंल."

मी म्हटलं, "हितं जन्मलेल्या बाईचं कोपर फुटलं असतं, तर लिहून घेतलं असतं ना? मंग माजं बी लिहा."

"उद्या या."

मी बाकावरून उठले नाही. मेसमधल्या दोघी कळल्यावर धावत आल्या, माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या. रक्त बाकावर ठिबकत होतं. शेवटी कंटाळून त्यानं लिहून घेतलं. मी प्रत्येक ओळ वाचायला मागितली. "किरकोळ बाचाबाची" लिहिलं होतं. ते खोडायला लावलं. मगच सही केली.

दीर निवडून आला. आमच्या दारापुढं मुद्दाम मिरवणूक थांबवून गुलाल उधळला. भावकीत आता आम्हाला बोलावणं नाही. नवरा रोज म्हणतो, "मागं घे तक्रार. आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

म्हणूनच घेणार नाही. हितंच ऱ्हायचंय म्हणून.

कोर्टात बोलावतील तेव्हा मेसची रजा टाकून जाईन. फाटलेल्या दाखल्याची दुसरी प्रत मागितली आहे. आणि पुढच्या निवडणुकीला याच वॉर्डातून मी उभी राहणार आहे. नवऱ्याला सांगून झालंय. त्याला पटत नसेल तर त्यानं खुशाल दुसऱ्याला मत द्यावं. तो त्याचा हक्क आहे.