आईला ऐकू येणारं इंजिन

माझी आई बहिरी नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरूनच झाला. बाटल्यांच्या कारखान्यात ती आयुष्यभर काचांच्या खणखणाटात उभी राहिली, शेवटी फोरमन झाली, आणि त्या खणखणाटाने तिच्या कानांतले बारीक, उंच आवाज तेवढे नेले. किटलीची शिट्टी, फोनची घंटी, नातीची हाक तिला ऐकू येत नाही. शेजाऱ्यांचा ट्रक मात्र ती दारं-खिडक्या बंद असताना ओळखते. जाड आवाजाच्या माणसांशी तिचं छान जमतं. माझा आवाज किनरा आहे, त्यामुळे आमचं निम्मं बोलणं हातवाऱ्यांनी आणि निम्मं भांडणाने चालतं.

नोकरी संपल्यावर तिने रिमोटवर उडणारी विमानं बांधायला घेतली आणि जेवणाचं टेबल आमच्या हातून कायमचं गेलं. विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबात सगळे तिला फोरमनबाई म्हणायचे आणि वचकून असायचे. गेल्या वर्षी मात्र गडबड झाली. क्लबाचा एक नियम आहे. हवेत इंजिन थांबलं की उडवणाऱ्याने त्याच क्षणी "बंद!" असं ओरडायचं. इंजिन बंद पडलेलं विमान पुन्हा वर जात नाही, ते खालीच येतं, म्हणून बाकीच्यांनी लगेच धावपट्टी सोडायची. आईचं इंजिन थांबलं, पण ती ओरडली नाही. तिला कळलंच नाही. विमान अध्यक्षांच्या डोक्यावरून जाऊन त्यांच्याच गाडीच्या काचेत घुसलं.

"फोरमनबाई," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा घोगरा आवाज तिला दुर्दैवाने नीट ऐकू आला, "यापुढे शेजारी कुणीतरी कानाचं माणूस उभं करा. नाहीतर रिमोट ठेवून द्या."

"दुसऱ्याच्या कानांनी मी उडवणार नाही," आई म्हणाली. आणि घरी येऊन तिने आजवरचं सगळ्यात मोठं विमान बांधायला काढलं. बायप्लेन, एकावर एक दोन पंखांचं. ते दारातून बाहेर निघणार नाही हे आम्ही सांगत होतो. तिने पंख सुटे होतील असे बनवले आणि आमची तोंडं बंद केली.

प्रश्न इंजिनाचा होता. दादाचं म्हणणं, विजेची मोटर लाव. स्वच्छ, शांत, कटकट नाही.

"शांतच नकोय मला," आई म्हणाली. "बॅटरी काय सांगून संपते?"

दुकानदाराने टू-स्ट्रोक इंजिन पुढे केलं. "काकू, हलकं आहे, ताकदीचं आहे. सगळे हेच नेतात."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. ते खालचं दाखवा."

खालच्या फळीवर एका सिलिंडरचं मोठं फोर-स्ट्रोक पडून होतं. दुकानदाराने ते दोन्ही हातांनी उचललं. "हे जड आहे हो. उगाच भार होईल."

"बायप्लेनचं नाक आखूड असतं. शेपूट जड पडू नये म्हणून नाकात शिसं भरायचंच आहे. त्या शिशापेक्षा हे बरं, निदान काम तरी करेल."

दुकानदार हसला, पण पटलं त्याला. आईचं मात्र एवढ्यावर भागणार नव्हतं. दुकानामागच्या मोकळ्या जागेत ती पार पलीकडच्या भिंतीपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. इंजिन चालू असेपर्यंत ती हात वर ठेवणार होती. दुकानदाराने टू-स्ट्रोक सुरू केलं. त्याच्या किनऱ्या किंचाळीने माझ्या कानांत दडे बसले. आईचा हात खालीच.

"अहो, करा की सुरू," ती तिकडून ओरडली.

मला हसू आलं आणि लगेच ओसरलं. तिचं जग किती उणं झालंय, ते मला त्या दिवशी कळलं. मग फोर-स्ट्रोक सुरू झालं, त्याचा मोठा पंखा सावकाश, धडधडत फिरू लागला, आणि पहिल्याच धडधडीला आईचा हात वर गेला. दुकानदाराने इंजिन बंद केलं. हात खाली. त्याने तिला फसवायचा पुष्कळ प्रयत्न केला. ती फसली नाही.

विमान पुरं झाल्यावर ते घेऊन आम्ही दोघी क्लबात गेलो आणि मी एवढं सगळं सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली. दुकानाच्या मागे ऐकणं वेगळं आणि आकाशात वेगळं, म्हणे. मला त्यांच्या तोंडावर चार शब्द सुनावायचे होते, पण आई आधी बोलली.

"टाकी तुम्ही भरा. किती भरली ते मला सांगू नका. बाकीच्यांची विमानं रोजच्यासारखी चालू राहू देत. इंजिन थांबल्यावर मी ओरडले नाही, तर रिमोट तुमच्या हातात देऊन घरी जाईन."

मी तिच्या दंडाला धरून खुणावलं, नको. इतक्या महिन्यांचं काम एका चुकीत मातीत गेलं असतं, आणि त्यासोबत तिचं उडवणंही. तिने माझा हात सोडवला आणि मला कुंपणापाशी पाठवलं.

अध्यक्षांनी तिच्या नजरेआड टाकी भरली. विमान गवतावरून धावलं, उचललं गेलं, चढलं. एवढं मोठं धूड मैदानाच्या पार टोकाला बोटाएवढं दिसत होतं. मी विमानाकडे बघतच नव्हते. मी आईच्या पाठीकडे बघत होते आणि कान देऊन ती धडधड ऐकत होते, जणू मीच उडवत होते. इकडे अध्यक्ष स्वतःचं विमान घेऊन पट्टीच्या मधोमध उकिडवे बसले होते.

दूरच्या वळणावर धडधड तुटली. मी ओरडायला तोंड उघडलं.

"बंद!"

आवाज माझा नव्हता. कारखान्यात अख्खी लाइन थांबवणारा आवाज होता तो. अध्यक्ष विमान काखेत मारून पट्टीवरून पळाले, आणि आईने आपलं विमान मोकळ्या पट्टीवर उतरवलं.