सखारामच्या हातातला चाकू

“मॅडम, सखारामले तिसऱ्या प्रकरणातच सोडा. पुढं एक पान नको.”

मेश्रामकाका हे तिसऱ्यांदा म्हणाले आणि माझा पारा चढला. नागपुरातल्या एका छोट्या प्रकाशनात मी संपादक आहे. लोकांच्या कादंबऱ्यांतले खून नीट लावून देणं, हे माझं पोटापाण्याचं काम. काका कोराडीच्या वीजकेंद्रातून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले आणि पहिलीच कादंबरी घेऊन आलेले. गोष्ट एकोणीसशे साठच्या दशकातली. नागपुरातल्या कापडमिलमध्ये जॉबरचा, म्हणजे खात्याच्या मुकादमाचा, खून होतो. पोलीस सखाराम नावाच्या विणकराला उचलतात.

लिखाण झकास होतं. घोडं अडलं होतं ते सखारामपाशी.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, रेड हेरिंग. म्हणजे खोटा संशयित. वाचकाला भलत्याच माणसाच्या मागे लावून द्यायचं आणि खरा खुनी शेवटी काढायचा. त्यासाठी खोट्या माणसावरचा संशय जितका लांबेल तितका चांगला. काकांनी मात्र त्याला तिसऱ्याच प्रकरणात निर्दोष ठरवून घरी पाठवलं होतं. वर दोन पानं भरून तो एका लग्नात वांगी चिरत बसला होता.

“काका, खुनाच्या कादंबरीत वांगी कशाला?”

“राहू द्या ना.”

आमचे मालक शेजारच्या टेबलावरून ओरडले, “ताई, तिसऱ्यातच सोडला तर सस्पेन्सच खतम ना! पुढचं कोण वाचंन?”

मालकांचं खरं होतं. मी कागद पुढे सरकवले. “वांगी काढू आणि सखारामला शेवटपर्यंत अडकवून ठेवू. काहीच बिघडत नाही.”

काकांनी ते परत माझ्याकडे सरकवले. मग म्हणाले, “सखाराम म्हणजे माहे बाबा, मॅडम.”

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला.

“मी लहान होतो तवा. जॉबरशी बाबाचं भांडण झालं होतं, म्हणून पोलिसांनी नेलं. पुरावा नाही म्हणून सोडलं. पण लोकांनी नाही सोडलं. खुनी काही सापडला नाही. मोहल्ल्यात लगन असलं की सारे माणसं भाजी चिराले बसत. बाबा बसाले गेले की म्हणत, तुम्ही पाणी वाढा. त्यायच्या हातात चाकू कोणी देत नव्हतं. मरेपर्यंत नाही. घरी येऊन काही बोलत नव्हते बाबा. आई समजून घ्यायची.”

एवढी वर्षं मी कितीतरी खोट्या संशयितांना मजेत लटकवून ठेवलं होतं. त्यांच्या घरी कोणी वाट बघत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

“आई आहे?” मी विचारलं.

“आहे. थकली खूप. तिलेच वाचून दाखवाचं आहे.”

मी मालकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “वांगी राहू द्या, ताई.”

सखाराम तिसऱ्यातच सुटला. पण पुढची कादंबरी तगायला हवी होती. मी सुचवलं, मिलच्या गोदामातल्या कारकुनावर संशय टाकू. काका कबूल झाले. जिना उतरता उतरता परत वर आले.

“त्या कारकुनाले पोरंबाळं नका देऊ, मॅडम.”

आम्ही त्याला सडाफटिंग ठेवला.

पुस्तक निघालं. फारसं खपलं नाही. संशयित फार लवकर सुटतो, अशी तक्रार आलीच. मालक मला एका शब्दानं बोलले नाहीत.

काही दिवसांनी काका पेढे घेऊन आले. आईला रोज थोडं थोडं वाचून दाखवत होते. लग्नातल्या वांग्यांपाशी आले तशी म्हातारी उठून बसली.

“कोणं देल्ला गा चाकू?”

“शेजारच्या भाऊनं, आई.”

“अजून एकदा वाच.”

त्यांनी पुन्हा वाचलं. ती पदर तोंडाला लावून पोटभर रडली. मग म्हणाली, “बस झालं गा. पुढचं नको वाचू.”

खून कोणी केला, ते तिनं शेवटपर्यंत विचारलं नाही. महिन्याभरात ती गेली.

नव्या लेखकांना मी आजही सांगते, खोट्या संशयिताला शेवटपर्यंत सोडू नका. धंद्याचा नियमच आहे तो. फक्त आधी विचारून घेते, हा तुमचा कोण लागतो?