स्टार्टरची जलेबी

भिया लोक, आज माझी बियर सुरू व्हायच्या आधीच संपली होती.

धारला काकूकडे राहून मी आल्याची बियर करून बघतोय. त्यासाठी यीस्ट आधी साखरपाण्यात वाढवावं लागतं, त्याला स्टार्टर म्हणतात. शेवटचं पाकीट होतं, ते काल एका बरणीत भिजवलं. ते सतत ढवळायला हवं, म्हणून आज देवासहून काचेचा फ्लास्क आणि चुंबकाने ढवळणारं छोटं मशीन आणलं.

सकाळीच परतलो असतो, पण तिथली देवीची टेकरी दिसली. म्हटलं, चढून येऊ. उतरेपर्यंत दुपार.

घरी आलो तर बरणी धुऊन पालथी घातलेली आणि काकू कढईपाशी.

"काकू, यातलं कुठे गेलं?"

"तूच म्हणालास ना, खमीर आहे म्हणून? जलेबीत घातलं. घे, गरम आहे."

मी मशीन मांडीवर घेऊन तिथेच बसलो. आता यात ढवळू काय, डोंबल? जलेबी मात्र, कसम से, मस्त झाली होती.

"तोंड का पाडलंस रे? वाटीभर ठेवलंय की झाकून. विरजण कोणी सगळं संपवतं का?"

वाटीतलं फ्लास्कमध्ये ओतलं, नवं साखरपाणी घातलं, मशीन लावलं. आत चुंबकाची गोळी गरगर फिरतेय, वर फेस धरायला लागलाय. काकू दोनदा येऊन बघून गेली.

तुमच्या घरी असं न सांगता वाटीभर मागे ठेवणारं कोण आहे?