जयमालाचे एकसष्ट घोडे

जयमाला पाटील कोपरखैरण्याची. मेकॅनिकलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झाली आणि १९८६ साली तुर्भ्याला इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका शेडमध्ये नोकरीला लागली, ती कशाला? नटबोल्ट मोजायला! मुलगी म्हटली की स्टोअर, हा तेव्हाचा न लिहिलेला नियम. सहा महिने तिनं मालकाचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे विलासशेठनी तिला डायनोवर आकडे लिहायला बसवलं. डायनो म्हणजे चालत्या इंजिनाला पाण्याचा ब्रेक लावून त्याचा जोर मोजायचं यंत्र.

शर्यतीच्या गाडीचं इंजिन आलं होतं. साठ हॉर्सपॉवर हवे होते. सकाळची पहिली फेरी अठ्ठावन्न, मग छप्पन्न, मग चोपन्न. शेडमधले जुने कासिममिस्त्री दर फेरीला कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी गुंडी, आणखी बारीक घालत होते आणि आकडा आणखी घसरत होता.

"बाईमाणसाचा पायगुण," विलासशेठ म्हणाले. "आज साठ नाही आले तर इंजिन पुण्याच्या दुसऱ्या शेडला आणि तू परत स्टोअरला."

"पायावर नाही शेठ, इंजिन हवेवर चालतं."

उगाच नव्हती बोलत. आठवडाभराचे कागद तिनं चाळले होते. रोज पहिली फेरीच सरस. कार्बोरेटरजवळ तिनं थर्मामीटर टांगला. बावन्न डिग्री! शेजारच्या गाळेवाल्यांनी काही बघू नये म्हणून शेठ शटर ओढून घेत, आणि इंजिन बिचारं स्वतःचाच तापलेला धूर पीत बसे. तापलेली हवा विरळ, म्हणून जोरही कमी.

"शटर उघडा."

"आणि अख्ख्या तुर्भ्याला दाखवू?"

"चोपन्नची लाज वाटत असेल तर राहू द्या."

कासिममिस्त्रींनी खाडकन शटर वर केलं आणि स्टार्टरकडे वळले.

"थांबा चाचा! गार हवेला पेट्रोल जास्त लागतं. बारीक जेटवर पळवलंत तर पिस्टन वितळेल. आधी जुना मोठा जेट घाला."

"चाळीस वर्षं लाँचची इंजिनं खोलली मी. मला शिकवतेस?" म्हणत मिस्त्रींनी जेट बदलला. मग बाजूला सरून म्हणाले, "थ्रॉटल तूच धर. बुडालीस तर तू, तरलीस तरी तू."

दारात हातात चहाचे ग्लास घेऊन गर्दी जमली होती. जयमालानं थ्रॉटल पूर्ण उघडला. पत्रे थरथरले, काटा चढत गेला. मिस्त्रींनी हिशेब केला, पुन्हा केला.

"एकसष्ट!"

"परत एक फेरी मार," विलासशेठ खेकसले.

तिनं परत मारली. एकसष्टच.

"शेठ," इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ती ओरडली, "आकडा लिहून घ्या, माझे हात गुंतलेत!"

त्यांनी लिहिला. आणि पुढची अकरा वर्षं त्या शेडमधलं एकही इंजिन तिनं पास केल्याशिवाय बाहेर पडलं नाही.