धूर नसलेल्या गाडीतून शिंगणापूरकडे

कोल्हापुरातून निघताना यांनी नव्या गाडीच्या बॉनेटवर मायेने हात फिरवला आणि शेजारच्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "पेट्रोलचा एक थेंब न जाळता नगर गाठायचं!" निवृत्तीनंतर माझ्या यजमानांना पर्यावरणाचा उमाळा आला आणि दारात विजेची गाडी आली. मी जन्मभर सरकारी दवाखान्यात गुरांना सुया टोचल्या. उमाळे ओसरताना बरेच पाहिलेत, त्यामुळे माझा पटकन विश्वास बसत नाही. पण धूर नाही, घरघर नाही, हे मलाही आवडलं होतं.

संध्याकाळी नगरला लागूनच असलेल्या भिंगारला दादाकडे पोहोचलो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लष्कराच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेला. त्याची जुनी पेट्रोल गाडी सुरू झाली की अर्ध्या गल्लीला कळतं. वहिनीने शिपी आमटी (शिंपी मंडळींच्या घरची, नगरभर प्रसिद्ध झालेली झणझणीत आमटी) केली होती. नाकाडोळ्यांतून पाणी काढत दोघा मेहुण्यांची जुंपली.

"दाजी, तुमचं हे शिलाई मशीन विजेवर चालतं, आणि वीज कशावर? कोळशावरच ना?"

"कोळशाचा धूर एका जागी निघतो, तिथे तो गाळता येतो. तुमचा धूर थेट बाजारातल्या पोरांच्या नाकात जातो."

मी यांच्या बाजूने होते. आजही आहे. पण त्या रात्री आम्ही सगळे फक्त धुराबद्दल बोलत होतो.

सकाळी शनिशिंगणापूरला निघालो. रात्री वीज गेल्यामुळे गाडी पुरती चार्ज झालेली नव्हती. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कापलेल्या ज्वारीची धसकटं आणि उसाच्या रसाची गुऱ्हाळं. घोडेगावच्या अलीकडे एका हॉटेलात चार्जिंगची सोय असल्याचं मोबाईल सांगत होता. मशीन होतं, पण त्याच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

"ते बंद हाय," हॉटेलवाला म्हणाला. "मागं साधा प्लग हाय, लावा. पन लई टाइम लागंल."

गाडी मागे नेऊन लावली. हे चहा घेत बसले आणि मी, जुन्या सवयीने, शेळ्यांचा आवाज आला तिकडे निघाले. हॉटेलच्या मागेच एक वस्ती होती. पहिल्याच सपरात (पाल्याच्या छपरात) एक बाई शेरडांना (शेळ्यांना) पाणी पाजत होती. नाव कौसाबाई. तिचा मुलगा शिंगणापुरात भाविकांना वाहनतळापासून देवळापर्यंत बॅटरीच्या रिक्षातून नेतो, हे तिने अभिमानाने सांगितलं.

एक शेळी मात्र पाण्याला आली नव्हती. भिंतीला कपाळ लावून ती नुसती रेटत उभी होती आणि करकर दात खात होती. मी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

"ही कधीपासून अशी?"

"आठवडा झाला आसंल. दिसंना झालंय तिला. आदी दोन अशाच गेल्या. साडेसाती लागलीय म्हनले लोक. दर शनवारी तेल घालून आले देवाला, लिंबू उतरलं. काय बी फरक न्हाई."

तेव्हा माझं लक्ष पाण्याच्या भांड्यांकडे गेलं. जाड प्लॅस्टिकची खोकी, आतल्या भिंती कापून काढलेल्या, कोपऱ्यांत राखाडी थर.

"हे कुठून आणलं?"

"बॅटऱ्यांची हायेत. पोरानं रिक्षाच्या बॅटऱ्या बदलल्या की भंगारवाला आतलं शिसं काढून घेतो नि खोकं आमाला देतो. चांगलं घासून घेतलंय. सगळ्या वस्तीत हायेत. मातीचं फुटतं, सिमिटाचं तापतं. यात पानी ऱ्हातं बगा दिसभर."

वापरता येण्यासारखी वस्तू या भागात कुणी टाकत नाही. मलाही एरवी त्याचं कौतुकच वाटलं असतं. मी तिला काही सांगणार, तेवढ्यात सून मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली. दोनेक वर्षांची पोर, हातात दुधाचा पेला.

"शेरडाचं दूध पाजतो," कौसाबाई म्हणाली. "लेकरू काटक व्हतं."

हिचं पोट दुखतं का, मी विचारलं. सून म्हणाली, "रोज रडती. आन् आदी 'आजी', 'पानी' म्हनायची, ते बी बंद केलंय आता."

मी पेला काढून घेतला. मला राहवलं नाही. खोक्यांतलं शिसं पाण्यात, पाण्यातून शेळ्यांत, शेळ्यांतून दुधात उतरलं असावं, हे जमेल तितकं सोपं करून सांगितलं. रक्त तपासल्याशिवाय खात्री नाही, हेही सांगितलं. कौसाबाई खाली बसली.

"मंजी माज्याच हातानं पाजलं व्हय मी?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हो."

तिला तो धीर नको होता. ती माझ्यावर उसळलीच. "आदी डिझेलची सिक्स-सीटर हुती आमची. मालक चालवायचे. ह्ये एवढा काळा धूर! खोकून खोकून गेले ते. म्हनून पोराला मीच म्हनलं, बिनधुराची घे बाबा. मीच घ्यायला लावली त्याला."

हे मागे येऊन उभे होते. "तुमच्या गाडीत बी हाय का तसली बॅटरी?" तिने त्यांना विचारलं. मोठी बॅटरी वेगळ्या जातीची असते, असं हे सांगू लागले. मग थांबले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. दिव्यांसाठी आणि भोंग्यासाठी असलेली धाकटी बॅटरी शिशाचीच होती. दादाच्या पेट्रोल गाडीतही तीच असते. हे बॉनेट लावून आले.

शिंगणापूर राहिलं. नगरपर्यंत जाण्यापुरती गाडी चार्ज झाल्यावर आजी, सून आणि नात यांना घेऊन आम्ही मागे फिरलो. पोर खिडकीला नाक लावून बसली होती. रडली नाही, बोलली नाही. दवाखान्यात रक्त घेतलं. तपासणी पुण्याला होणार होती.

कोल्हापूरला परतलो. गाडी आम्ही विकली नाही आणि दादाशी वादात हरलो असंही मला वाटत नाही. धुराने कौसाबाईचा नवरा नेला, तेही खरंच आहे. पण आमची गाडी स्वच्छ आहे, हे वाक्य माझ्या तोंडून आता निघत नाही. ती इथे स्वच्छ आहे, आमच्या दारात.

पुढच्या आठवड्यात कौसाबाईचा फोन आला. पोरीच्या रक्तात शिसं निघालं होतं, पुष्कळ. औषध सुरू झालं होतं.

"शेळ्या?" मी विचारलं.

"घोडेगावच्या बाजारात नेल्या. जनावरं बरी दिसत हुती, एकच आंधळी. इकून टाकल्या सगळ्या."

त्या शेळ्यांचं दूध आता कुणाच्या घरात जात असेल, हे विचारण्यात अर्थ नव्हता. तिलाही ते माहीत नव्हतं.

"ताई, तुमी दवाखान्यातल्या. खरं सांगा, बोलंल का वं ती परत?"

शिशाने मेंदूत केलेलं नुकसान औषधाने भरून येईलच असं नाही, हे मला ठाऊक होतं. "बोलेल," मी म्हणाले.

"म्या बी तिला तेच सांगत असते," ती म्हणाली, आणि पोरीच्या कानाशी फोन धरला. "बोल गं बाय, आजी म्हन."

मी बराच वेळ फोन कानाला लावून उभी राहिले. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.