काकूंची उजळणी

सक्करदऱ्याच्या तलावाभोवती संध्याकाळी शेजारच्या काकू फोनवर लेकीची उजळणी घेत फिरायच्या. लेक लिथुआनियात पर्यावरणशास्त्र शिकत होती. काकू इंग्रजी शब्द विचारायच्या, ती तिकडच्या भाषेतला सांगायची.

"पोल्युशन?"

"तार्शा."

लेक अडली की काकू जागीच थांबायच्या. "काहून वं, लहानपणी पाढ्यात अडायची तसंच करून राहिली का?"

पुढे लेक पास झाली, तिकडेच नोकरीला लागली. फोन रविवारपुरता उरला.

परवा काकू तलावावर एकट्याच दिसल्या. म्हणाल्या, "तूच विचार ना वं मले एखादा."

"वेटलँड?"

"पेल्के!" म्हणाल्या, आणि पुढच्या शब्दासाठी माझ्याकडे बघत राहिल्या. मला आणखी सुचेना.

घरी येऊन भाजीच्या चिठ्ठीमागे लिहून ठेवलं: सॉइल, फॉरेस्ट, ग्राउंडवॉटर. उद्या विचारायचे.