लांबलेली घंटा

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढलेल्या त्या बाईला घरीदारी सगळे हॅलोआत्या म्हणत. स्वयंपाकघरातून कुणी हाक मारली तरी तिच्या तोंडून आधी 'हॅलो' निघायचं, मग 'ओ'. तरुणपणी एकदा लग्नाचं जुळत आलं होतं. मुलगा भेटायला आला, रंगात येऊन बोलू लागला आणि ही सवयीनं म्हणाली, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं?" तो जो उठून गेला तो गेलाच! साऱ्या गावाच्या तारा जोडणारीची स्वतःची तार काही जुळली नाही. म्हातारपणी पुतण्या-सुनेकडे राहिली. मनातलं माणूस एकच, दुसऱ्या गावात एकटी राहणारी थोरली बहीण, अक्का.

अक्काच्या कानांनी कधीच राजीनामा दिला होता. तिच्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. पण जुन्या काळ्या फोनची घंटा अशी कडाडायची की तिलाही ऐकू जायची. म्हणून बहिणींनी आपली एक भाषा केली होती. सकाळी अक्कानं फोन लावायचा. घंटा दोनदा वाजून तुटली, की 'उठले, बरी आहे'. मग इकडून तशाच दोन. उचलायचं कुणीच नाही. आणि घंटा वाजतच राहिली, लांबली, तर 'ये'. एकदा लांबली होती, तेव्हा आत्या एका पायात आपली आणि दुसऱ्या पायात सुनेची चप्पल अडकवून बसमध्ये चढली होती. तिकडे जाऊन बघते तर अक्का पलंगावर उभी आणि खाली उंदीर.

मग पुतण्याच्या अंगात सुधारणा संचारली.

"आत्या, हे डबडं काढून टाकू आता. टेबल अडतं नुसतं. तुला मोबाईल घेतलाय. मोठ्या आत्याला नवा नंबर देऊनही आलोय."

"त्याची घंटा कडाडते का?"

"तू म्हणशील ते गाणं वाजतं."

"गाणं कशाला? मला काय नाचायचंय?"

तो अक्काचा नंबर नावासकट मोबाईलमध्ये भरायला बसला, तशी आत्या उसळली. "ठेव खाली! अख्ख्या गावाचे नंबर पाठ होते मला. सख्ख्या बहिणीचा नंबर आता ह्याला विचारू?" पुतण्यानं हात जोडले आणि नाद सोडला.

काही दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी अक्काचा फोन आलाच नाही. आत्याचा चहा गार झाला. शेवटी तिनंच लावला, तर एन्गेज. पुन्हा लावला, पुन्हा एन्गेज. तिचा जीव भांड्यात पडला.

"काय झालं?" सुनेनं विचारलं.

"काही नाही गं. एन्गेज आहे म्हणजे उठलीय, फोनपाशी आहे. मलाच लावत असेल."

जन्माचा अनुभव बोलत होता, आणि तो खोटाही नव्हता. अक्का तिलाच लावत होती. न्हाणीच्या दारात पडून तिचा खुबा मोडला होता. सरपटत जाऊन, वायर ओढून तिनं फोन जमिनीवर घेतला होता आणि पडल्यापडल्या पुन्हा पुन्हा लावत होती. इकडे मोबाईल आत्याच्या मांडीवर मुका बसून होता. दुपारीही तिकडे एन्गेजच. "वेंधळीनं रिसीव्हर नीट ठेवला नसेल," म्हणत आत्या आडवी झाली. दुसऱ्या दिवशी दार उघडेना, तेव्हा दूधवाल्यानं माणसं गोळा करून ते फोडलं.

पुतण्यानं मोबाईल उघडून बघितला आणि त्याचा चेहरा पडला. "आत्या, नाव नसलेला नंबर, रोज नुसता वाजून तुटायचा. त्याला वाटलं, कुणीतरी छळतंय. त्यानं तो नंबरच बंद करून टाकला, आला की आपणच कापायचा."

"कुणाला वाटलं?"

"फोनला."

"फोनला वाटायला लागलं? मी शिव्या घालणाऱ्यांचेसुद्धा फोन जोडले रे! जोडणाऱ्यानं वाटून घ्यायचं नसतं."

दवाखान्यात अक्का तिच्याकडे बघेना. "कानाला घट्ट धरून ऐकलंय मी," ती म्हणाली. "अर्धी घंटा वाजायची आणि तुटायची. तू कापत होतीस."

आत्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन बेंबीच्या देठापासून सगळं सांगितलं. अख्ख्या वॉर्डाला पटलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तर आपला मोबाईल काढून लेकाला तपासायला दिला. अक्काला मात्र निम्मं ऐकू आलं नाही, आणि जे आलं ते पटलं नाही.

"फोन कुठं आपणहून कापतो होय? गावाचे जोडलेस. माझा तेवढा तोडलास."

खुबा सांधल्यावर अक्का आपल्या दिराच्या मुलाकडे राहायला गेली. पुतण्यानं खटपटी करून काळा फोन पुन्हा लावून दिला. आता टेबल अडत नाही. आत्या सकाळी त्या घरी घंटा देते. पण तिथल्या माणसांना ही भाषा कुठून ठाऊक? दुसरी घंटा वाजायच्या आत कुणीतरी उचलतंच.

"हॅलो, कोण? अक्काकाकूंना बोलावू का?" आणि मग आत विचारून येऊन, "त्या नको म्हणतायत. कोण बोलतंय सांगू?"

"राँग नंबर," आत्या म्हणते आणि ठेवते.